पहिला बदल कधी जाणवला?

दोन हजार एक साली आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलं, त्याच उन्हाळ्यात आमच्या मागच्या रस्त्यावर निमजे कुटुंब राहायला आलं. शशिकांत शिकागोच्या एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर होते. रोज सकाळच्या गाडीने शहरात जायचे, संध्याकाळी परतायचे. शरयू नर्स. नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात तिने बरीच वर्षं काढली होती, आणि इथे आल्यावर लायसन्सची परीक्षा देऊन ती एका हॉस्पिटलात लागली होती. मुलगी एकच, शिवांगी, तेव्हा बारा वर्षांची.

शरयू बोलकी. नागपूरकडची, त्यामुळे बोलण्यात एक मोकळा हेल. मी पुण्याची, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून ती मला वीणाताई म्हणायची. आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही दोघी तळ्याभोवती फिरायला जायचो.

शशिकांत मात्र अगदी उलटे. घरी गेलं की हसून "या वहिनी" म्हणायचे आणि आत निघून जायचे. मायक्रोवेव्ह घ्यायचा तर महिनोन्‌महिने दुकानं पालथी घालणार आणि शेवटी पहिल्याच दुकानातला आणणार. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची त्यांना धास्ती. पण हिवाळ्यात शरयूची सकाळची ड्यूटी असली, की तिच्या आधी उठून ते बाहेर जायचे, तिची गाडी सुरू करून ठेवायचे, काचेवरचा बर्फ खरवडून काढायचे. ती निघायची तेव्हा गाडी आतून उबदार असायची. ह्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि तिनेही कधी आभार मानले नाहीत. त्यांच्या घरात ते तसंच होतं.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात एका रविवारी शरयू पोळ्या लाटत होती. शशिकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"शरयू, तू शीक."

"काय शिकू आता? पोळ्या बिघडल्या का?"

"मास्टर्स कर. नर्स प्रॅक्टिशनर हो. मी युनिव्हर्सिटीत फोन केला होता. त्या बाई म्हणाल्या, तुझी बीएस्सी चालेल."

लाटणं तिच्या हातातच राहिलं. दुसऱ्या दिवशी फिरताना तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा लग्न ठरलेल्या मुलीसारखा दिसत होता. "वीणाताई, त्यांनी फोन केला! पिझ्झा मागवायचा तरी मला करायला लावतात, आणि युनिव्हर्सिटीत फोन करून सगळं विचारून बसले!"

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे काय, ते तिनेच मला समजावलं. डॉक्टर नाही, पण पेशंट तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं. त्यातही तिला हवा होता तो प्रौढ आणि वयस्क माणसांचा अभ्यासक्रम. म्हाताऱ्यांचं दुखणं एका जागी नसतं, ती म्हणायची, गुडघा दुखतो म्हणून येतात आणि खरं म्हणजे महिनाभर घरात कोणी बोललेलं नसतं. हे करायचं तिच्या मनात कधीपासून होतं. पण मुलगी, घर, नोकरी, ह्यांत तिने तो विषय कोणाजवळ काढलाच नव्हता. आणि ह्या अबोल माणसाने तो ओळखला होता.

"लग्नाला सतरा वर्षं झाली," ती म्हणाली. "पण काल मला वाटलं, ह्यांनी मला बघितलं."

पुढच्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तर कमालच झाली. शाळेच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे माणसं. सूत्रसंचालकाच्या हातातून शशिकांतनी माइक घेतला आणि म्हणाले, "माझ्या बायकोला मास्टर्सला ॲडमिशन मिळाली आहे. ती डॉक्टरांपेक्षा हुशार आहे. टाळ्या वाजवा!" लोकांनी हसत टाळ्या वाजवल्या. शरयू लाजून लाल झाली. चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस बायकोसाठी इतका धीट झाला, ह्याचं आम्हा सगळ्यांनाच कौतुक वाटलं.

शरयूचा अभ्यास सुरू झाला. आठवड्यातले काही दिवस नोकरी, काही दिवस शिकागोला क्लास. औषधशास्त्राची जाडजूड पुस्तकं जेवणाच्या टेबलावर पसरलेली असायची. शिवांगीच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून ती फुप्फुसांचे आवाज ऐकायची आणि शिवांगी कंटाळून म्हणायची, "आई, आय हॅव होमवर्क टू!"

पहिल्याच हिवाळ्यात, दोन हजार चारच्या जानेवारीत, एका सकाळी शरयू बाहेर आली तर गाडीवर बर्फाचा थर तसाच. तिला वाटलं, ह्यांना बरं नसेल. तिने खरवडायला घेतलं. मधेच वर बघितलं तर खिडकीत शशिकांत उभे. हातात बिस्किटांचा पुडा, एकेक बिस्कीट खात ते तिच्याकडे बघत होते. तिने हात केला. त्यांनी केला नाही.

तिथून पुढे एकेक होत गेलं. गोड खाण्याचा सपाटा सुरू झाला. जामची बाटली घेऊन चमच्याने संपवायचे. शिवांगीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या, त्यांच्यासमोर ते तिला म्हणाले, "किती जाडी झालीस! केक नको खाऊस." आणि तिच्या ताटलीतला केक उचलून स्वतः खाल्ला. शिवांगी रडत खोलीत गेली. त्यानंतर तिने बाबांशी बोलणंच सोडलं, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच वर्षी नागपूरहून दिराचा फोन आला. शशिकांत फोनवर "बरं, बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि सोफ्यावर बसत म्हणाले, "आई गेली. चहा कर ना."

शरयूला वाटलं, धक्का बसलाय. तिने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून कामावर गेले. सासूसाठी एकटी शरयूच रडली.

तिला एकच कारण सुचत होतं. तिचं शिकणं. मोठ्या तोंडाने शीक म्हणाले खरे, पण आता घरी बायको नाही, वेळेवर जेवण नाही, ह्याचा राग आतल्या आत धरून बसले आहेत. मंडळातल्या बायकाही तेच म्हणायच्या, तिच्या पाठीमागे. भांडणं व्हायला लागली. म्हणजे ती भांडायची आणि ते बघत राहायचे.

"तुम्हाला माझं शिकणं नको असेल तर तोंडाने सांगा ना! असं काय करून राहिले तुम्ही?"

"जेवायला काय आहे?" ते विचारायचे.

एकदा मी त्यांच्या घरी असतानाच हे झालं. शरयू मला म्हणाली, "वीणाताई, मला वाटतं ह्यांना मी आता आवडत नाही." अगदी सरळ म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

वर्ष संपता संपता त्यांची नोकरी गेली. मीटिंगमध्ये मोठ्याने गाणी म्हणणं, साहेबिणीच्या डब्यातलं खाणं, असलं काही काही झालं होतं. शशिकांत घरी आले आणि "मला काढलं" एवढंच म्हणाले. त्यांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. मग शरयूने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन असेल, ह्या वयात होतं. गोळ्या दिल्या. फरक पडला नाही.

तिच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष चालू होतं. आता क्लासबरोबर क्लिनिकमध्येही जावं लागे. एका अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरच्या हाताखाली पेशंट बघायचे. तिला मिळालेल्या बाई आयरीन डोलन, साठीच्या, शिकागोच्याच. आयरीनची एक शिकवण होती. पेशंट काय सांगतो ते ऐका, पण त्याच्याबरोबर आलेलं माणूस काय सांगता सांगता थांबतं, ते जास्त ऐका.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी एक जोडपं आलं. नवरा निवृत्त पोस्टमन. बायकोने कोटसुद्धा काढला नव्हता. आयरीनने विचारलं, काय त्रास आहे? नवरा म्हणाला, काही नाही. बायको म्हणाली, "हा माझा नवरा नाही."

शरयू बाजूला बसून टिपून घेत होती. आयरीन एकेक विचारत गेली. गोड जास्त खातात का? हो, डब्यातली साखरसुद्धा. लोकांसमोर नको ते बोलतात? हो. कोणी दुःखात असलं तर? बाई म्हणाली, आमचा कुत्रा मेला तेव्हा मी रडत होते. हा मला म्हणाला, बाजूला हो, टीव्ही दिसत नाही. विसरतात का? नाही, बाई म्हणाली, तेच तर, ह्याला सगळं आठवतं. रस्ते, तारखा, सगळं. फक्त माझी कीव येत नाही ह्याला.

शरयू "एक्स्क्यूज मी" म्हणून उठली आणि औषधांच्या कपाटाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. काही वेळाने आयरीन आली. काही न विचारता तिने दार लावून घेतलं.

"हा कुठला आजार?" शरयूने विचारलं.

"मेंदूच्या पुढच्या भागाचा असावा. तपासावं लागेल. आठवण राहते, माणूस जातो." मग आयरीन तिच्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या घरी कोण आहे?"

शरयू म्हणाली, "माझा नवरा. पन्नाशीसुद्धा झाली नाही त्यांची."

आयरीननेच एका मोठ्या मेंदूतज्ज्ञाची वेळ मिळवून दिली. एप्रिलमध्ये मेंदूचे फोटो काढले, चाचण्या झाल्या. निदान तेच निघालं. उपाय नव्हता. वर्षं किती, ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्या भेटीतली एक गोष्ट शरयूने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितली. आम्ही किराणा घेऊन आलो होतो, दुकानाच्या पार्किंगमध्ये तिच्या गाडीत बसलो होतो. किल्ली लावली होती, पण तिने गाडी सुरू केली नाही.

"त्या डॉक्टरनं मला विचारलं, पहिला बदल कधी जाणवला? मी सांगायला लागले, गाडीवरचा बर्फ काढला नाही तेव्हा. तर तो म्हणाला, वाईटच बदल असं नाही. त्यांच्या स्वभावात बसत नाही, असं पहिलं काय केलं त्यांनी? कधीकधी माणूस आधी जरा मोकळा होतो, धीट होतो. घरच्यांना वाटतं, बरंच झालं."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

"मग मला तो फोन आठवला, वीणाताई. युनिव्हर्सिटीतला. आणि तो माइक."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या कोणी पेशंटच्या बायकोनं असं लपवलं असतं तर मी तिच्याकडून काढून घेतलं असतं, तेच तर शिकते आहे मी. पण मी म्हटलं, जानेवारी दोन हजार चार. गाडीवरचा बर्फ. त्यानं तेच लिहून घेतलं." तिने किल्ली परत काढून घेतली. "अख्ख्या संसारात एक दिवस मला असा मिळाला होता. तो कोणी दिला मला? त्यांनी, का ह्या रोगानं?"

"शशिकांतनीच," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती. मला काहीच माहीत नव्हतं.

शिवांगीला तिने निदान झालं त्याच दिवशी सांगितलं होतं. शिवांगी तेव्हा सोळा वर्षांची. वाढदिवसापासून बापाशी न बोललेली. ती आधी नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सो ही डिडन्ट मीन इट? केकचं?"

"नाही बाळा. ते बाबा नव्हते बोलत."

"पण त्याच्या आधीचं? लहानपणीचं सगळं? दॅट वॉज हिम, राइट?"

"हो," शरयू म्हणाली. "ते सगळं बाबाच."

शिवांगी उठली आणि टीव्हीसमोर बसलेल्या शशिकांतच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ते जरासे सरकले, कारण तिच्या केसांमुळे पडदा दिसत नव्हता.

अभ्यासक्रम सोडायचं शरयूच्या मनात होतं. पण आता घर तिच्या एकटीच्या नोकरीवर होतं, आणि पुढे शशिकांतना काय काय लागणार ते तिला पुस्तकातून पाठ झालं होतं. दिवसा त्यांना प्रौढांच्या डे सेंटरमध्ये सोडायचं, क्लिनिकला जायचं, संध्याकाळी आणायचं. परीक्षेला त्याच आजाराचा प्रश्न आला. तिने तो सोडवला, पूर्ण मार्क मिळाले. ते सांगताना ती हसली, आणि ते हसणं मला बघवेना.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ झाला. शशिकांतना आणू नकोस, असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "त्यांच्याशिवाय कसं?" मी आणि शिवांगी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. काळे झगे घातलेली मुलं-माणसं एकेक करून मंचावर जात होती. शिवांगी फोटो काढायला पुढे गेली आणि तेवढ्यात शशिकांत उठून चालू पडले. मी मागे धावले. ते बाहेर कॉरिडॉरमध्ये चॉकलेटच्या मशीनसमोर उभे राहून एकेक बटण दाबत होते.

"भाऊ, चला ना आत. शरयूचं नाव येईल आता."

"पैसे द्या," ते म्हणाले.

माझ्याजवळ सुटे नव्हते. मी त्यांचा दंड धरून ओढायला गेले तर त्यांनी मला ढकललं. कशीबशी त्यांना घेऊन आत आले, तोवर तिचं नाव होऊन गेलं होतं. शिवांगी नंतर म्हणाली, मंचावरून आईने आमच्या ओळीकडे बघितलं होतं. तिथे तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

समारंभ संपल्यावर शरयू आमच्याकडे आली. शशिकांतच्या शर्टाची वरची गुंडी तुटली होती, ती बघून तिने त्यांची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "चला, जेवायला जाऊ या. तुम्हाला काय खायचं?"

तिला जवळच्याच एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. वयस्क लोकांचं क्लिनिक. तिथले म्हातारे तिच्यासाठी दोन-दोन तास थांबायचे, असं मला एकांनी सांगितलं. घरी मात्र शशिकांतना सांभाळणं हाताबाहेर जात होतं. ते आता फारसं बोलत नसत. दोन हजार सातच्या हिवाळ्यात एका सकाळी डे सेंटरची गाडी यायच्या आत ते घरातून निघून गेले. शरयूने सगळीकडे शोधलं. शेवटी स्टेशनवर सापडले. सपाता घालून, कोटाशिवाय, शिकागोला जाणाऱ्या लोकांच्या रांगेत बर्फात उभे होते. पायांची बोटं पांढरीफटक पडली होती.

त्यानंतर तिने त्यांना अशा पेशंटांच्या होममध्ये ठेवलं. मंडळात चर्चा झाली. स्वतः नर्स, आणि नवऱ्याला होममध्ये टाकलं. ते तिच्या कानावर गेलंच. तिने मंडळात येणं बंद केलं. रोज कामावरून सुटली की ती होममध्ये जायची, त्यांना भरवायची, नखं कापायची. ते तिच्याकडे बघायचे, तसेच भिंतीकडेही बघायचे.

शिवांगी त्या वर्षी स्टेट कॉलेजला शिकायला गेली होती. दोन हजार आठच्या मार्चमध्ये शशिकांतना न्यूमोनिया झाला. होमच्या डॉक्टरनी शरयूला बोलावून विचारलं, हॉस्पिटलात न्यायचं का, श्वासाची नळी घालायची का. हा प्रश्न ती स्वतः कितीतरी पेशंटांच्या घरच्यांना विचारत आली होती. तिने डॉक्टरचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको. त्रास होऊ देऊ नका फक्त."

शिवांगी वेळेवर पोचली. एक दिवसभर बापाचा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. एक्कावन्न वर्षांचे होते.

अंत्यविधी झाल्यावर मी त्यांच्या घरी जेवणाचे डबे घेऊन गेले. दोघी स्वयंपाकघरात होत्या. शिवांगी टेबलाशी, शरयू सिंकपाशी. मी डबे ओट्यावर ठेवत होते तेव्हा शिवांगीने विचारलं, "आई, डिड ही नो इट वॉज मी? हात धरला होता ते?"

शरयूने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "नाही."

शिवांगीने मान हलवली. उठली, तिच्या खोलीत गेली, दार लावलं.

"पेशंटांच्या मुलींना मी असं सांगत नाही," शरयू मला म्हणाली. "त्यांना सांगते, आवाज ओळखत असतील, स्पर्श कळत असेल. कोणाला माहीत, असेलही. पण हिला एकदा मी, मलाच खात्री नसताना, 'ते सगळं बाबाच' म्हटलं होतं. पुन्हा तसं काही म्हणायचं बळ नाही राहिलं माझ्यात."

तिने नळ सोडला, सिंकच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. आतून शिवांगीच्याही रडण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "जा ना तिच्याजवळ." तिने मान हलवून नाही म्हटलं.

मी नळ बंद केला, डबे फ्रिजमध्ये ठेवले आणि घरी आले.